हातोडा, पिन आणि उणे पंधरा

मी एक जुना हातोडा आहे. पण मित्रांनो, मला मुठीत धरून खिळा ठोकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! माझे वजन बावीस किलो. एका भक्कम ओतीव चौकटीत, आडव्या आसाला, लांब दांड्याने मी टांगलेला आहे. घड्याळाचा लंबक झुलतो ना, तसाच मी झुलतो. फरक एवढाच की लंबक दिवसभर झुलूनही काही मोडत नाही, आणि मी एका झोक्यात पोलादाचे दोन तुकडे करतो. कडाड्! आवाज असा की नवख्या माणसाच्या कपातला चहा बशीत येतो.

पस्तीस वर्षे झाली, तरी मला वर उचलून खटक्यात अडकवले की अजूनही अंगभर शिरशिरी येते. आता सुटणार! आता सुटणार!

तुम्ही म्हणाल, मोडतोड तर कोणीही करते, त्यात फुशारकी कसली? खरे आहे. पण मी मोडतो आणि मोडताना मोजतो. ज्या धातूची परीक्षा घ्यायची, त्याची करंगळीएवढी चौकोनी कांडी कापतात. तिच्या मधोमध एक बारीक, टोकदार खाच पाडतात. कारण धातू मोडू लागतो तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या खाचेपासून किंवा ओरखड्यापासून. ती कांडी माझ्या पायथ्याशी दोन ऐरणींना टेकवून ठेवतात आणि मला सोडतात. मी खाली येतो, तिला मोडतो आणि पलीकडे वर चढतो. धातू चिवट असेल तर तो सहजासहजी हार मानत नाही. तो वाकतो, ताणला जातो, माझा दम काढतो, आणि मी पलीकडे जेमतेम वर जातो. धातू ठिसूळ असेल तर तो काचेसारखा फुटतो, मला कळतसुद्धा नाही, आणि मी पलीकडे उंच उडतो. त्याने माझी किती शक्ती खाल्ली, ते शेजारच्या तबकडीवरचा काटा ज्यूलमध्ये सांगतो. शून्य ते तीनशे. थोडक्यात, माझी उडी जितकी उंच, तितकी बातमी वाईट!

माझा जन्म ओतशाळेतला. लालभडक रस साच्यात पडला, निवला, आणि मी बाहेर आलो तो ओबडधोबड, अंगभर वाळू चिकटलेला. मला माणसात आणले ते एका जोडाऱ्याने. मी नमुन्यावर जिथे आदळतो ती जागा आणि माझ्या झोक्याचा तोल यांचा मेळ तंतोतंत बसावा, म्हणून तो चार दिवस कानस घेऊन माझ्या पोटाशी बसला होता. चिमूट चिमूट कीस उतरवायचा आणि पुन्हा तोल बघायचा. शेवटी मुकादम कावला.

"अरे, दोन ग्रॅमनं काय आभाळ कोसळतंय?"

"याला जन्मभर खरं बोलायचंय," जोडारी मान वर न करता म्हणाला. "खरं बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन लागतं. तेच बरोबर करून देतोय."

मुकादमाला हसू आले. त्याने पाचवा दिवसही दिला.

पुढे लाकडी खोक्यात बसून मी या चाचणी केंद्रात आलो. तळमजल्यावर, फाटकाजवळच्या खोलीत, काँक्रीटच्या पायात सहा बोल्टांनी मला आवळले. त्याच आठवड्यात एक चोवीस वर्षांची तंत्रज्ञ कामावर रुजू झाली. तिला माझ्या हाताखाली दिले की मला तिच्या, हे अजून ठरलेले नाही! दिवसभर मोडायचेच काम, म्हणून काही वर्षांनी सगळे तिला मोडकाकी म्हणू लागले. तिला त्याचा राग नव्हता. "मोडकाकी म्हणा," ती बजावायची, "मोडकी काकी म्हणालात तर याद राखा."

रोज सकाळी आठ वाजता ती मला एक रिकामा झोका द्यायची. समोर नमुना नाही, काही नाही. मी खाली जायचो, पलीकडे वर चढायचो आणि काटा बरोबर शून्यावर थांबायचा. तो केसभर जरी सरकला तरी ती त्या दिवशी मला कामाला लावायची नाही. आधी तेल, आधी साफसफाई. मग जोरात हाक यायची, "हात मागे!" आणि मी सुटायचो.

काय दिवस होते ते! बॉयलरचे पत्रे, क्रेनचे आकडे, गाड्यांचे आस, सगळे माझ्या दारी यायचे. एकदा जहाजाच्या पत्र्यांची अख्खी खेप माझ्या एका आकड्यावर परत गेली. जहाज बांधणारा पाहुणा तणतणत आला, तुकडे उलटसुलट करून बघत बसला आणि जाताना माझ्या चौकटीवर थाप मारून गेला. ती थाप मला अजून आठवते.

मग दिवस पालटले. शेजारच्या दालनात एक उंच, चकचकीत ओढयंत्र आले. ते नमुन्याची दोन्ही टोके धरून त्याला हळूहळू ताणते आणि पडद्यावर सुरेख रेघ काढते. वरच्या मजल्यावर संगणक आले. ते तर वस्तू न मोडताच ती कधी मोडेल हे सांगू लागले! बहुतेक गिऱ्हाइकांना ओढयंत्राचा दाखला पुरू लागला. माझ्याकडे महिन्याला दोन नमुने, मग वर्षाला दोन, मग तेही नाहीत. मोडकाकी निवृत्त झाली, त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने माझ्यावर ताडपत्री घातली; तिच्या एका भोकातून तेवढी खोली आणि खिडकी दिसायची. त्यानंतर मी कोटांचा खुंटा झालो. कोणी माझ्यावर जॅकेट अडकवायचे, कोणी ओली छत्री. एका महाभागाने तर मोजे वाळत घातले. खरे बोलण्याची हौस असलेल्याच्या तोंडावर मोजे! मी काय बोलणार?

पण मित्रांनो, खरी गोष्ट यापुढेच आहे.

आमचे गाव एका खोल दरीने दुभंगलेले आहे. अलीकडे शाळा आणि कारखाने, पलीकडे इस्पितळ आणि अर्धी वस्ती. वळसा घालून जायला सव्वा तास लागतो. म्हणून दरीवर जाड दोर ओढून हवाई पाळणे बसवायचे ठरले. बारा पाळणे, आणि चार मिनिटांत पलीकडे! माझ्या खिडकीसमोरच त्याचा मनोरा उभा राहिला. अख्खे गाव दिवस मोजत होते. प्रत्येक पाळणा दोराला ज्या पोलादी पिनेने लटकतो, ती मनगटाएवढी जाड. पाळणा घट्ट बसावा म्हणून तिच्या मानेभोवती एक खोल खाच कोरलेली. त्या पिनेचा हिशेब केला होता मोडकाकीच्या सुनेने.

हो, सुनेने! सूनबाई याच केंद्रात वरच्या मजल्यावर काम करते. ती संगणकात वस्तूचे हुबेहूब मॉडेल उभे करते, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढते. ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. पाळण्याच्या पिनेवर तिने आठ महिने घालवले होते. सगळी पिन निळीशार! आठपट ओझे लादले तरी ती टिकेल, असे मॉडेल सांगत होते. ओढयंत्राचा दाखलाही मिळाला होता. पिना पाळण्यांना बसल्यासुद्धा.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. सकाळी नऊचा सुमार, बाहेर कडाक्याची थंडी. मोडकाकी सूनबाईचा घरी विसरलेला चष्मा घेऊन आली होती आणि दोघी माझ्याच खोलीत उभ्या होत्या.

"चष्मा विसरलीस ते विसरलीस, सकाळी आणखी एक कप फोडलास," मोडकाकी म्हणाली. "अगं, मी मोडायचा पगार घेत होते. तू फुकट मोडतेस!"

"आई, इथे नको ना," सूनबाई हसत कुजबुजली. "इथे मला लोक हुशार समजतात."

तेवढ्यात दार ढकलून पाळणेदादा आत आला. मनोऱ्यावरचा हा मिस्त्री, दोराला तेल घालण्यापासून पाळणे टांगण्यापर्यंत सगळे करणारा. त्याच्या हातात मफलरमध्ये गुंडाळलेले काहीतरी जड होते. मागोमाग केंद्राचे साहेब आले, चेहरा वैतागलेला.

पाळणेदादाने मफलर टेबलावर सोडला. आत पिनेचे दोन तुकडे होते.

"पहाटे मनोऱ्यावर होतो साहेब. ही जादाची पिन होती. हातातून निसटली, खाली काँक्रीटवर पडली आणि फुटली. आईची शपथ, फक्त पडली."

"मनगटाएवढं पोलाद पडून फुटतं होय?" साहेब म्हणाले. "तुमचे वरिष्ठ काय म्हणाले ते मला फोनवर कळलंय. घण मारून मोडलीत आणि आता गोष्टी सांगताय. त्यांनी तुम्हाला कामावरून घरी बसायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. म्हणून तर तुमच्याकडे आलो. पण माझ्या नोकरीचं सोडा हो. तशाच बारा पिना वर लटकतायत. उद्या त्यात माणसं बसतील. माझी आईच दर आठवड्याला इस्पितळात जाते."

सूनबाई गोंधळली. "दादा, मॉडेलमध्ये ही पिन आठपट ओझं घेते. नुसती पडून तुटणं शक्यच नाही."

मोडकाकी टेबलाशी आली. तिने एक तुकडा उचलला, खिडकीशी नेला आणि त्याची मोडलेली बाजू, त्याचा चेहराच म्हणा, उजेडात धरली. मित्रांनो, मी तिला पस्तीस वर्षे ओळखतो. तिच्या भुवया अशा जवळ आल्या की समजायचे, काहीतरी आहे! चिवट पोलाद मोडले की त्याचा चेहरा करडा, तंतूतंतूंचा दिसतो, ओढून फाडल्यासारखा. हा चेहरा चमचमत होता, खडीसाखरेच्या दाण्यांसारखा.

"पहाटे थंडी किती होती?" तिने विचारले.

"उणे पंधरा," पाळणेदादा म्हणाला.

"आणि ओढयंत्रावर पिन ओढली तेव्हा दालनात?"

"वीस अंश," सूनबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

साहेबांनी हात झटकला. "काकी, नियमात ओढायची चाचणी आहे, ती झाली. थंडीची चाचणी नियमात नाही."

"थंडी नियमात नाही साहेब," मोडकाकी म्हणाली, "हवेत आहे."

आणि ती सरळ माझ्याकडे आली. दोन जॅकेटे आणि एक छत्री तिने खुर्चीवर भिरकावली आणि ताडपत्री खस्सकन ओढली. प्रकाश! दोन वर्षांनी अंगावर प्रकाश!

साहेब क्षणभर घुटमळले. तुकड्यांकडे पाहिले, मग पाळणेदादाच्या थंडीने फुटलेल्या ओठांकडे. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. "दुपारी मला पाळण्याच्या कचेरीला उत्तर द्यायचंय."

मग जी धांदल उडाली ती काय सांगू! मोडक्या पिनेच्या तुकड्यांतून आणि मनोऱ्यावरून मागवलेल्या दुसऱ्या जादाच्या पिनेतून कांड्या कापायला यंत्रशाळेत पाठवल्या. इकडे मोडकाकीने पाणसळ लावून माझी बैठक तपासली आणि मला रिकामा झोका दिला. काटा शून्यावर यायला हवा होता, तो थांबला सहावर. माझी मान शरमेने खाली गेली असती, पण ती आधीच खाली लटकलेली होती.

"सांधे धरलेत बिचाऱ्याचे," मोडकाकी म्हणाली. "माझेही धरतात." तिने माझ्या आसाचे बेअरिंग उघडले, जुने घट्ट वंगण पुसून काढले, नवे तेल सोडले. पुन्हा झोका. दोन. पुन्हा सफाई. पुन्हा झोका. काटा शून्यावर! मग तिने कपाटातून ठरलेल्या ताकदीचे खुणेचे नमुने काढले आणि माझ्याकडून मोडून घेतले. आकडे जुळले. माझा शब्द पुन्हा खरा झाला होता.

पावणेबारा वाजता पिनेच्या कांड्या आल्या. पहिली कांडी खोलीच्या उबेतली, वीस अंशांची. "हात मागे!" मी सुटलो. धप्प! कांडीने मला चांगलेच धरले. काटा अठ्ठ्याऐंशीवर.

"बघा!" साहेब सुटकेचा श्वास टाकत म्हणाले. "चांगली आहे पिन."

पाळणेदादाने डोळे मिटले.

"अजून जेवणाची पहिली पंगतही बसलेली नाही साहेब," मोडकाकी म्हणाली. तिने एका भांड्यात स्पिरिट ओतले आणि त्यात कोरडा बर्फ टाकला. पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळली. तापमापक घसरू लागला. शून्य. उणे दहा. उणे पंधरा. कांड्या त्यात बुडाल्या.

आता गंमत अशी की गार कांडी बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत मी तिला मोडले पाहिजे. नाहीतर ती उबदार होते आणि आकडा खोटा ठरतो. मोडकाकीने चिमटा हातात घेतला. तिची सांधे धरलेली बोटे पटकन मिटेनात. तिने एक क्षण त्यांच्याकडे पाहिले आणि चिमटा सूनबाईपुढे धरला.

"तू कर. मी मोजते."

"मी? आई, माझ्या हातून कप टिकत नाहीत!"

"कप फोडतेस कारण तुझं लक्ष मॉडेलमध्ये असतं. आज लक्ष इथे आहे. चल."

पहिल्या वेळी कांडी ऐरणीवर तिरपी बसली. "पाच! गेली. परत भांड्यात." दुसऱ्या वेळी चिमटाच घसरला. "परत." सूनबाईने पदर खोचावा तशी कोटाची बाही वर सारली. तिसऱ्या वेळी कांडी बाहेर आली, वाफाळत ऐरणीवर बसली, खाच बरोबर मधोमध.

"एक… दोन… तीन… हात मागे!"

खटका सुटला. मी झेपावलो. आणि काय सांगू, मला काही लागलेच नाही! टक् असा बारीक आवाज झाला आणि मी पलीकडे वर, वर, वर गेलो, छताच्या दिव्यापर्यंत! तुकडे दोन्हीकडे उडून भिंतीवर आपटले. उडणे मला आवडते, पण एवढी उंच उडी म्हणजे बातमी फार वाईट.

काटा सातवर होता.

मोडकाकीने आकडा लिहून घेतला. पुन्हा एक कांडी. आठ. पुन्हा एक. सहा. दुसऱ्या, न मोडलेल्या पिनेची कांडी. सात. सूनबाईने खाली वाकून तुकडा उचलला. तोच चमचमता, दाणेदार चेहरा.

"अठ्ठ्याऐंशीवरून सात," ती म्हणाली. "उबेत मेण, थंडीत काच."

साहेब खुर्चीवर जॅकेटांवरच बसले. त्यांनी कपाळ पुसले आणि पाळणेदादाकडे पाहिले. "दादा, मी तुम्हाला खोटं ठरवलं. चुकलं माझं."

"ते राहू द्या साहेब," पाळणेदादा म्हणाला. "आधी पाळणे थांबवा."

साहेबांनी तिथूनच फोन केला. पलीकडचा आरडाओरडा मला इथवर ऐकू येत होता. पत्रिका छापल्या आहेत, मंडप उभा आहे, पाहुणे निघाले आहेत! साहेब सगळे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मंडप राहू द्या, लोकांना सावली होईल. पण पाळण्यात कोणी बसणार नाही. हे मी लिहून देतो." त्या दिवसापासून साहेब मला आवडू लागले.

मला भीती होती ती सूनबाईची. आठ महिन्यांचे काम मी एका टक् आवाजात मोडले होते. ती तुकडा मुठीत धरून उभी होती. मोडकाकी जवळ गेली. आणि सूनबाईने एकदम मान वर केली, तर डोळे लकाकत होते!

"आई, मॉडेल खोटं नाही बोललं! मीच त्याला अर्धं सांगितलं. मी सांगितलं, हे पोलाद मोडण्याआधी ताणलं जातं. ते खरं आहे, पण फक्त उबेत. थंडीतला आकडा मी दिलाच नव्हता, कारण तो माझ्याकडे नव्हताच. आता आहे. सात!"

"मग आता काय करणार?"

"आता त्या खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर धरते, पोलादाला थंडीतलं ठिसूळपण देते आणि विचारते, किती ओझ्याला तू तुटशील? तुम्ही वर चला. एकेक आकडा वाचून दाखवा."

दोघी जिन्याने धावत वर गेल्या. साठीला टेकलेली बाई धावत गेली! तासाभरात खाली आल्या तेव्हा दोघी एकदमच बोलत होत्या, कोण सासू आणि कोण सून ते कळत नव्हते. भरलेला पाळणा आणि वाऱ्याचा एक झटका, एवढ्यात पिन तुटली असती. लाल रंग बरोबर त्या खोल, टोकदार खाचेच्या कोपऱ्यात पेटला होता. म्हणजे दोन गोष्टी बदलायला हव्या होत्या. भट्टीतून काढलेल्या पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे निववायची, रीत चुकली होती, हे मोडलेल्या चेहऱ्यावरून दिसत होते; त्यामुळेच दाणे जाड राहिले होते. तेव्हा पोलादच नवे, थंडीत चिवट राहणारे हवे. आणि खाचेचा कोपरा टोकदार नको, गोलसर हवा.

"गोल कोपरा तर मीसुद्धा सांगितला असता," मोडकाकी म्हणाली. "लहान मुलांच्या घरात टेबलसुद्धा गोल कोपऱ्याचं घेतात."

"किती गोल, ते सांगितलं असतंत?"

"ते नसतं सांगितलं," मोडकाकीने कबूल केले. "ते तुझं मॉडेलच सांगणार."

तीन आठवडे गाव कुरकुरले. सव्वा तासाचा वळसा घेत लोक आमच्या केंद्राकडे वाकड्या नजरेने बघत गेले. पाळणेदादाला मात्र सन्मानाने परत बोलावले. जुन्या बाराच्या बारा पिना त्यानेच उतरवल्या. आणि एका सकाळी नव्या पिनांचे खोके आले. सोबत तोच आला, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, जणू सोयरीक जुळवायला.

"काकी, एक मागणं आहे," तो म्हणाला. "खटका मी ओढू?"

"ओढा. पण हाक माझी."

भांड्यातून वाफ ओघळली. या वेळी सूनबाईने भांडे आणखी गार केले, उणे वीसपर्यंत. साहेब उभे, यंत्रशाळेतले सगळे दारात गर्दी करून उभे. सूनबाईचा चिमटा पहिल्याच फटक्यात अचूक बसला.

"एक… दोन… हात मागे!"

पाळणेदादाने खटका ओढला. मी सुटलो, पस्तीस वर्षांचा सगळा जोर घेऊन खाली आलो आणि धडकलो. धाड्! कांडी वाकली. मी रेटले. ती आणखी वाकली, पण तुटेना. मी सर्वस्व लावले. तिने माझा सगळा दम प्यायला, आणि मित्रांनो, मी थांबलो! तिथेच, तळाशी, थरथरत, कांडीला छाती टेकवून थांबलो. पलीकडे बोटभरही गेलो नाही. काटा तीनशेवर जाऊन टेकला.

क्षणभर कोणाला कळेना काय झाले. मग मोडकाकी ओरडली, "अडवलं! अगं, याला अडवलं!" तिने सूनबाईला मिठी मारली. पाळणेदादा खटका सोडायलाच तयार नव्हता. तो हसत होता आणि डोळे बाहीने पुसत होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग यंत्रशाळेने वाजवल्या. त्या खेपेतल्या बाकीच्या कांड्याही तशाच निघाल्या. चार वेळा माझी वाट अडली आणि चारही वेळा मला आनंदाने हसावेसे वाटले. मोडायलाच जन्मलेल्या मला, न मोडणारे कोणी भेटले होते!

पाळणे सुरू झाले ती सकाळ उणे सतरा अंशांची. खिडकीची काच धूसर होती. सूनबाईने ती माझ्यासाठी, होय माझ्यासाठीच, बाहीने पुसली. पहिला पाळणा मनोऱ्यावरून निघाला. त्यात पाळणेदादाची आई बसली होती, मांडीवर इस्पितळाची पिशवी. शेजारी मोडकाकी. वाऱ्याने पाळणा हेलकावला. दोर करकरला. सूनबाईने श्वास रोखला, मीही रोखला. पाळणा दरीच्या मध्यावर गेला, लहान झाला, पलीकडच्या मनोऱ्याला टेकला आणि दोन म्हाताऱ्या उतरून बोलत बोलत चालू लागल्या.

काहीही घडले नाही. दुसरा पाळणा गेला, तिसरा गेला, दिवसभर शेकडो माणसे गेली, आणि काहीही घडले नाही. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी तीच.

आता मी पुन्हा कामावर आहे. साहेबांनी थंडीतली चाचणी केंद्राच्या नियमातच घातली. दाराशी खुंट्यांची फळी ठोकली गेली, त्यामुळे जॅकेटे आपल्या जागी गेली. सकाळचा रिकामा झोका आता सूनबाई देते, आणि बुधवारी मोडकाकी येऊन तिच्या चुका काढते. वरचे मॉडेल आणि खालचा मी, आमची आता चांगली गट्टी आहे. ते न मोडता विचार करते, मी मोडून उत्तर देतो, आणि जिथे आमचे पटत नाही तिथे दोघी खुर्च्या ओढून बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात पडले असेल तर त्याच्यावरचे कोट उचला, त्याला थोडे तेल द्या, एक झोका देऊन बघा. कदाचित त्याच्याकडे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असेल. आणि एक एवढे कराच. कोणी खाली मान घालून तुमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हातातून फक्त पडलं आणि तुटलं," तर लगेच आवाज चढवू नका. आधी तुकडे उचला. खिडकीशी न्या. उजेडात धरा.